पिवळ्या आणि लोखंड्या

केबलची काळी वायर
गच्चीवरून लोंबत आहेरांच्या खिडकीत शिरली
तेव्हा मी चौथीत होते.
नाशिकरोडला, प्रेसच्या क्वार्टर्समध्ये
रविवारी सकाळी नऊला
त्यांच्या दाराबाहेर अकरा जोड चपला,
त्यात एकच मुलीची.

टीव्हीचं लाकडी शटर काका स्वतः सरकवायचे,
दुकान उघडावं तसं.
आधी मुंग्या, मग पाठीवर एक थाप,
आणि त्या चौकोनात
तेल पाजलेल्या वांग्यांसारखी
चकचकीत माणसं.

इंग्रजी कुणाच्या बापाला कळत होतं?
नावं आम्हीच ठेवली.
पिवळ्या चड्डीचा तो पिवळ्या.
दंडाला साखळी गुंडाळून येणारा लोखंड्या.
एक नुसताच गुरगुरायचा,
त्याला आमच्या पीटीच्या सरांचं नाव.
घंटा मुश्ताककडे : वाटी आणि चमचा.
तुषारदादा घरी येऊन माझ्यावर करून दाखवायचा
पिवळ्याचा उलटा डाव, गादीवर.
एकदा गादी संपली तिथे पडले.
बिटको हॉस्पिटल, कोपरापर्यंत प्लास्टर.
आईला सांगितलं, जिन्यावरून.

आहेरकाका कधी ओरडले नाहीत.
तरुणपणी भगूरच्या तालमीतले,
रेवड्यांच्या कुस्तीपासून
एकावन्न रुपयांच्या कुस्तीपर्यंत पोचलेले,
कान मोडून पुरीसारखे फुगलेले.
आता नोटप्रेसमध्ये तपासणीला.
दिवसभर कागद उजेडाला धरायचे
आणि सुटताना गेटवर स्वतःची झडती द्यायचे,
दोन्ही हात वर,
जिंकल्यासारखे नाही
की हरल्यासारखेही नाही.
घरी चहाची बशीसुद्धा
आधी खिडकीकडे वळवून बघायचे,
काकी चिडायच्या.

तुषारदादानं एकदा विचारलंच,
"काका, हे खरं असतं का?"
मुश्ताकचा चमचा हवेत राहिला.
काका म्हणाले, "पडणाऱ्याकडे बघ."
तेवढ्यात साबणाची जाहिरात लागली.

दादानं बघितलं नसावं. मी बघायला लागले.
लोखंड्या पिवळ्याला डोक्यावर उचलायचा
तेव्हा पिवळ्या आधी थोडी उडी मारायचा,
अगदी थोडी,
आणि त्याच्या मांडीवर हात टेकायचा.
आपटायच्या आधी हनुवटी छातीला.
आपटणाऱ्याचा पंजा मानेखाली, बोटं पसरून,
बाळाला आंघोळ घालताना धरतात तसा.
मग फळ्यांचा धडाम आवाज
येऊ दे कितीही.

मी कुणाला सांगितलं नाही.
पोरं तेव्हा मुक्तिधामच्या पायऱ्यांवर
पिवळ्यासाठी नवस बोलत होती.

पुढच्या वर्षी शाळेत दादाला कुणीतरी सांगितलं,
सगळं खोटं.
चार दिवस जेवला नाही नीट.
कार्डांची अख्खी गड्डी,
उंची, वजन, छाती, क्रमांक,
वालदेवीच्या पुलावरून एकेक करून सोडली.
आहेरांकडे जाणंही सोडलं,
जणू त्यांनीच फसवलं होतं.
पिवळ्याचं कार्ड मी आधीच काढून ठेवलेलं.
छाती अठ्ठावन्न.
कुठल्या तरी बदलीत तेही गेलं.

परवा गेले होते.
काकांची उजवी बाजू गेलीय,
बोलणं म्हणजे नुसता घशातला आवाज.
टीव्ही भिंतीवर, पातळ, बंद.
काकी म्हणाल्या, "आलीच आहेस तर धर जरा,
खुर्चीत बसवू."
मी वाकले. काखेत हात घातले.
मला भीती वाटत होती, एवढा पैलवान गडी.
काकांनी हनुवटी छातीला लावली.
चालत्या पायानं जमिनीला एक रेटा दिला, बारीकसा,
आणि डावा पंजा माझ्या मांडीवर टेकला.

"किती हलके झालेत बघ,"
काकी म्हणाल्या.

हलके नव्हते झाले.